दार उघडल्याची गोष्ट

कंडक्टरकाकांच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांच्या इमारतीत जिन्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. उभा जन्म बसमध्ये ओरडण्यात गेलेला. पुढे सरका, दारात उभे राहू नका, सुटे काढून ठेवा. निवृत्त झाले तेव्हा कातडी पिशवी डेपोत जमा केली आणि आवाज तेवढा घरी घेऊन आले. वरच्या मजल्यावर कुणी दात काढून घेतले, खालच्या मजल्यावर कुणाचं बिनसलं, हे एकदा काकांच्या कानावर घातलं की वेगळी दवंडी पिटायला नको. पण माणूस सुतासारखा सरळ. स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी विनातिकीट पकडून दंड लावला होता, आणि तो मेव्हणा पुढे कधी त्यांच्या घरी जेवला नाही.

अशा माणसाला प्रोबेशन ऑफिसने स्वयंसेवक म्हणून घेतलं. शिक्षा झालेली, पण तुरुंगात न धाडता घरी राहू दिलेली माणसं या ऑफिसच्या देखरेखीखाली असतात. ऑफिसर मॅडम एकट्या आणि माणसं ढीगभर, मग त्या धावणार तरी कुणाकुणाच्या मागे? म्हणून वस्तीतल्याच एकेका भल्या नागरिकाकडे एकेक माणूस सोपवलेला. आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा, कामाला जातो का, संगत कशी आहे ते बघायचं आणि महिन्याच्या बैठकीत सांगायचं.

"काका, नातेवाईकासारखे जा," मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "पोलिसासारखे नको."

काकांच्या वाट्याला आला चावीवाला. पस्तिशी ओलांडलेला, अबोल, सडपातळ माणूस. बापाचाच धंदा, बंद कुलपं उघडून देण्याचा आणि हरवलेल्या किल्ल्या बनवण्याचा. बायको आजारपणात गेली, त्या खर्चाने तो पुरता खचला, आणि त्या दिवसांत कुणीतरी त्याला एका सराफाचं मागचं दार उघडायला नेलं. दार कुणाचं आहे हे मला माहीत नव्हतं, असं त्याला कोर्टात म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "माहीत होतं." काकांना तो आवडला तो एवढ्यावरूनच.

प्रोबेशनच्या अटी कडक होत्या. स्वतःच्या घराचं सोडून दुसऱ्या कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही आणि धंद्याचं एकही हत्यार जवळ ठेवायचं नाही. अट मोडली तर राहिलेली शिक्षा तुरुंगात. तेव्हापासून तो एका फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायच्या कामाला लागला होता. त्याची मुलगी मावशीकडे वाढत होती. मावशी तिला त्याच्याकडे फिरकू देत नसे. पण गेल्या काही महिन्यांत काकाच मध्ये पडले, मावशीकडे खेपा घातल्या, तिच्या दारात बसून राहिले, शेवटी ती कंटाळून म्हणाली, "बरं, त्याची मुदत नीट पुरी होऊ दे. मग परीक्षा झाली की पाठवते." मुदत संपायला जेमतेम चार महिने उरले होते. चावीवाल्याने खोलीतला एक कोपरा मोकळा करून तिथं एक टेबल आणून ठेवलं होतं. कारखान्यातलं टाकाऊ लाकूड, पण घासून घासून त्याने ते असं गुळगुळीत केलं होतं की काका दर खेपेला त्यावरून हात फिरवत.

आता काकांच्या घरचं सांगायला हवं. काकू प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्यामुळे सारा मोहल्ला त्यांना बाई म्हणे, आणि घरात काकाही बाईच म्हणत. वर्षा-दोन वर्षांत बाईंची आठवण उसवत चालली होती. आधी नावं गेली, मग वार गेले. मूलबाळ नव्हतं. कधी सकाळी उठून काकांकडे परक्यासारखं बघत आणि अंगावरचं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेत. काका सगळ्या जगाला सगळं सांगत, पण हे सांगताना त्यांचा आवाज बसे. म्हणून ते फक्त चावीवाल्याला सांगत. तो ऐकून घेई आणि मान हलवी. देखरेख नक्की कोण कुणावर करत होतं, हा प्रश्नच होता.

एका सुट्टीच्या सकाळी बाईंचं औषध संपलं म्हणून काका खाली उतरले. गॅसवर दूध होतं, ते बंद करायला विसरले. दार मागे ओढलं, लॅच बसलं, आणि अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की किल्ली आतच खुंटीला आहे. परत वर आले. बेल वाजवली.

"बाई, दार उघड."

आतून पावलं आली आणि दाराशी थांबली. "कोण पाहिजे?"

"अगं, मी आहे. उघड."

"मिस्टर घरी नाहीत," बाई म्हणाल्या. "डे-ड्युटी आहे त्यांची. संध्याकाळी या."

एरवी काका हसले असते. पण दाराच्या फटीतून करपल्याचा वास यायला लागला होता. त्यांनी आर्जवं केली, ओरडले, दार बडवलं. ते जितके बडवत तितक्या बाई घाबरत, आणि मग दाराशी त्यांचा आवाज येईनासाच झाला. समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप.  आगीच्या बंबाला फोन करावा, हे त्यांना सुचलं नाही. त्यांना एकच माणूस सुचला. त्यांनी त्याला फोन लावला, तो मागच्या गल्लीतच राहत होता.

चावीवाला अनवाणीच धावत आला. दारापाशी येऊन मात्र थबकला आणि दोन्ही हात त्याने मागे बांधून घेतले.

"काका, मला हात लावता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"अरे, मी सांगतोय ना! मी आहे ना इथं! जबाबदारी माझी!"

आत काहीतरी धाडकन पडलं. चावीवाल्याने एकदा दाराकडे आणि एकदा काकांकडे पाहिलं. मग कमरेचा पट्टा सैल केला, त्याच्या आतल्या शिवणीत बोट घातलं आणि बोटभर लांबीचा, वापरून वापरून झिजलेला एक पोलादी आकडा बाहेर काढला. पापणी लवायच्या आत दार उघडलं.

स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. ओट्यावरचं फडकं पेटून पातेल्यासकट खाली पडलं होतं आणि बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. चावीवाल्याने गॅस बंद केला, फडक्यावर बादली ओतली आणि बाईंना खांद्याला धरून बाहेरच्या खोलीत आणलं. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उशीर केलास," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "बस जागेवर."

तो मुकाट्याने खुर्चीत बसला. काका जमिनीवरच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

निघताना चावीवाला दारात थांबला. "काका, हा आकडा माझ्या बापाचा आहे. त्याने मला पहिला हातात दिलेला. सगळी हत्यारं जमा केली, हा नाही देववला. त्यानंतर वापरला कधीच नाही, आजपर्यंत." मग म्हणाला, "हे आपल्यातच राहू द्या."

"म्हणजे काय!" काका म्हणाले. "अरे, हे काय सांगायला पाहिजे?"

आणि ते त्यांनी तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

त्या महिन्याच्या बैठकीला वरच्या ऑफिसातून मोठे साहेब आले होते. स्वयंसेवकांच्या या कामाचा खरंच उपयोग होतो का, हे त्यांना बघायचं होतं. ऑफिसच्या त्या लांबट खोलीत, फाइलींच्या कपाटांमधे, फुलवाली, निवृत्त कंपाउंडर आणि काका असे सगळे ओळीने बसले होते. साहेब म्हणाले, "आकडेवारी माझ्याकडे आहे. मला माणसांविषयी ऐकायचंय. आणि एखाद्याचं वागणं खरोखर चांगलं असेल तर उरलेली मुदत माफ करण्याची शिफारस मी करू शकतो."

काकांनी कान टवकारले. उरलेली मुदत माफ! म्हणजे पोरगी तेवढी लवकर घरी. ते टेबल त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. 'आपल्यातच राहू द्या' हेही आठवलं, नाही असं नाही. पण त्यांना वाटलं, बिचारा संकोची आहे, स्वतःचं कौतुक ऐकायला लाजतो. अशा माणसाचं चांगलं दुसऱ्यानेच सांगायला लागतं. झालं, तोंडाचा पट्टा सुरू झाला.

त्यांनी दूध सांगितलं, लॅच सांगितलं, बाईंचं 'मिस्टर घरी नाहीत' सांगितलं. फुलवालीने डोळ्यांना पदर लावला. मॅडम मात्र ताठ झाल्या होत्या.

"काका, चहा घ्या ना," त्या मधेच म्हणाल्या.

"थांबा हो मॅडम, खरं तर पुढेच आहे."

"काका, गार होतोय. आपण नंतर बोलू."

"गारच पितो मी." त्यांनी कप बाजूला सारला. मॅडमनी खोकून पाहिलं, खिडकी उघडली, कंपाउंडरना त्यांच्या माणसाविषयी विचारलं. पण बस उताराला लागली होती. "अटी काय कमी आहेत साहेब? तुरुंग समोर दिसत असताना त्याने पट्ट्यातून आकडा काढला! स्वतःचा विचार केला नाही हो त्याने. असा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी तुम्हाला मिळणार नाही!"

काका थांबले आणि टाळीची वाट पाहत राहिले.  साहेबांनी पेन बंद केलं. माणूस वाईट नव्हता, त्याचाही चेहरा पडला होता.

"म्हणजे हत्यार त्याच्याजवळ होतं," ते हळूच म्हणाले. "पहिल्यापासून."

तेव्हा कुठे काकांना आपण काय केलं ते कळलं. ते मॅडमकडे वळले. मॅडम टेबलाकडे बघत होत्या.

बैठक संपल्यावर त्यांनी जिन्यात मॅडमना गाठलं. "काहीतरी करा हो. मी चुकून बोललो म्हणा. म्हातारा बरळला म्हणा."

"तुम्ही मला एकटीला सांगितलं असतं ना काका," मॅडम म्हणाल्या, "तर मी ऐकलंच नसतं." आणि त्यांचेच डोळे भरून आले. "आता साहेबांनी ऐकलंय. आता ते कोर्टापुढे ठेवावंच लागेल."

काका तिथून थेट फर्निचरच्या कारखान्यात गेले. चावीवाला एका कपाटाचं दार घासत होता. भुवयांवर, पापण्यांवर भुसा.  जन्मात पहिल्यांदा काकांना शब्द सापडत नव्हते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यानेच हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"सांगितलंत?"

काकांनी मान हलवली. "मला वाटलं तुझं भलं होईल. मला वाटलं पोरगी लवकर..." त्यांनी हात जोडले. "मला चप्पल काढून मार रे. पण असा गप्प राहू नकोस."

त्याने कपाटाच्या दारावरचा भुसा हाताने झाडला. मग म्हणाला, "काका, तुमच्या पोटात काही राहत नाही, हे मला ठाऊक होतं. दार उघडतानाही ठाऊक होतं."

आणि त्याने पुन्हा पेपर उचलून दार घासायला घेतलं. काका तिथं उभे राहिले, घासण्याचा आवाज ऐकत राहिले, आणि मग घरी आले.

कोर्टाच्या तारखेपर्यंत काकांनी एक गोष्ट पक्की केली. आपण खोटं बोलायचं. मेव्हण्याला न सोडणारा माणूस रोज आरशापुढे उभा राहून खोटं पाठ करू लागला. किल्ली माझ्या खिशातच होती. दार मीच उघडलं. आकडा वगैरे काही नव्हतं, बैठकीत गोष्ट रंगवून सांगायच्या नादात मी पदरचं घातलं. बाई खाटेवर बसून ऐकत. एकदा म्हणाल्या, "पाठांतर छान आहे, पण मान वर करून म्हण."

कोर्टात काकांनी मान वर करून म्हटलं. शब्द न् शब्द बरोबर आला. फक्त बोलताना त्यांची नजर सारखी चावीवाल्याकडे जात होती. न्यायाधीश वयस्क बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"आजोबा, शपथेवर खोटं सांगणं हा गुन्हा आहे. मोठ्या साहेबांना तुम्ही वेगळं सांगितलं होतं. दोन्हींतलं खरं कोणतं?"

"हे," काका म्हणाले.

"पुन्हा विचारते. याच्या परिणामाची कल्पना आहे ना तुम्हाला?"

काका तोंड उघडणार, एवढ्यात चावीवाला उभा राहिला. त्याच्या वकिलाने त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवून घेतली.

"बाईसाहेब, काका माझ्यासाठी खोटं बोलतायत. त्यांना ते जमत नाही. आकडा माझाच, दार मीच उघडलं. यांना काही करू नका. यांच्या घरी बाई एकट्या असतात, त्यांना दुसरं कुणी नाही."

मागच्या बाकावर मुलीची मावशी बसली होती. ती उठली आणि निघून गेली. तिने एवढंच ऐकलं होतं, आकडा माझा आणि दार मी उघडलं.

न्यायाधीशबाईंनी निकाल सांगताना एकदाही वर पाहिलं नाही. एखाद्याचा जीव वाचवण्याकरता अट मोडली, एवढंच असतं तर समज देऊन सोडता आलं असतं, त्या म्हणाल्या. पण हत्यार पहिल्या दिवसापासून लपवलं होतं, त्याचं काय करायचं? राहिलेली शिक्षा तुरुंगात भोगायची. चावीवाल्याला नेलं तेव्हा त्याचा पट्टा काढून घेतलेला होता आणि तो एका हाताने पँट धरून चालत होता. काकांकडे बघून त्याने दुसरा हात किंचित वर केला. त्याने तेवढंही केलं नसतं तर बरं झालं असतं, असं काकांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर इमारतीत कुणी काकांचा आवाज फारसा ऐकला नाही. किल्ली त्यांनी दोरीत ओवून गळ्यात घातली. प्रोबेशन ऑफिसात ते परत गेले नाहीत. मॅडमनी दोनदा निरोप धाडला, दुसरा माणूस देते म्हणून. काकांनी उत्तर दिलं नाही. बाई मधेच विचारत, "तो उशिरा येणारा मुलगा आला नाही का आज?" सगळी नावं, सगळे वार विसरलेल्या बाईंना तो एवढा आठवत होता. काका म्हणत, "सुट्टीवर आहे."

परीक्षा संपल्यानंतर एका दुपारी बेल वाजली. दारात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी होती. सडपातळ, तेच डोळे. काकांनी तिला लगेच ओळखलं.

"आजोबा, मावशीला सांगून नाही आले," ती म्हणाली. "ती म्हणते, बाबांनी परत कुणाचं तरी घर फोडलं. म्हणून नेलं. मला खरं काय ते पाहिजे. दार तुमचंच होतं ना?"

काकांनी तिला आत घेतलं. तिच्या बापाने ज्या खुर्चीत बसून धाप टाकली होती, तीच तिला दिली, चहा करून आणला आणि समोर बसून सगळं सांगितलं. एवढ्या महिन्यांनी ते पहिल्यांदा इतकं बोलले. दूध, लॅच, धूर. त्याने हात कसे मागे बांधून घेतले होते, आत काहीतरी पडल्यावर कसे सोडले. पेटलेलं फडकं. "चोरी नव्हती गं ती. तुझ्या बापाने माझ्या बाईचा जीव वाचवला. स्वतःचं वाटोळं होईल हे ठाऊक असून."

मुलगी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा उमलत गेला. डोळे पुसून ती हसलीसुद्धा. बाई खाटेवरून म्हणाल्या, "हुशार आहे तो. फक्त उशिरा येतो." मुलीने उठून बाईंचा हात हातात घेतला.

मग ती काकांकडे वळली. काही दोष द्यायचा म्हणून नाही, तिला खरोखरच कळलं नव्हतं म्हणून तिने विचारलं.

"पण आजोबा, तेव्हा तर तुम्ही तिघंच होतात ना? मग त्यांना कळलं कसं?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आरशापुढे केलेलं पाठांतर अजून त्यांना येत होतं. समोरच्या बिऱ्हाडाचं नाव सांगता आलं असतं, धूर बघून कुणी आलं असं सांगता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता.

"मी सांगितलं," ते म्हणाले.

मुलीने बाईंचा हात हळूच खाली ठेवला. चहा तसाच होता. तिने दप्तर खांद्याला लावलं आणि दाराशी गेली. लॅच जुनं होतं, त्याची मूठ उलटी फिरवावी लागे, ते तिला कुठून माहीत असणार. ती फिरवत राहिली. पाठमोरे खांदे हलत होते, पण तिने मागे वळून काही विचारलं नाही. काका उठले, तिच्या हाताला हात लागणार नाही अशा बेताने त्यांनी मूठ फिरवली आणि दार उघडून दिलं.